बाईंना विचारा : कचरा टाकला, मग तो गेला कुठे?

मागच्या वेळी मी सहज लिहून गेले की पहिली ते पाचवीच्या मुलांना कचऱ्याबद्दल शिकवताना काय अडतं ते कळवा, आणि पत्रांचा नुसता ढीग आला. त्यातली काही निवडलीत, थोडी कापलीत. नाव कुणाचंच छापत नाहीये, कारण निम्म्या पत्रांत मुख्याध्यापकांची तक्रार आहे आणि उरलेल्यांत घरातल्या मोठ्यांची. मी स्वतः एकतीस वर्षं प्राथमिकला शिकवलं, जास्त करून तिसरी-चौथी, तेवढ्या जोरावर उत्तरं देतेय.

प्रश्न : मी दुसरीला शिकवते. ओला कचरा सुका कचरा, हिरवा डबा निळा डबा, सगळं मुलांना पाठ आहे, गाणं पण बसवलंय. केंद्रप्रमुख आले तेव्हा मुलांनी धडाधड उत्तरं दिली. आणि मधल्या सुट्टीत बघते तर केळ्याची साल निळ्या डब्यात आणि बिस्किटाचा पुडा खिडकीतून बाहेर. माझं काय चुकतंय? (शिक्षिका, सांगली जिल्हा)

उत्तर : बाई, तुम्ही रंग शिकवलेत आणि पोरं रंग शिकली, त्यांच्याकडून हिशेब चोख आहे की. सात वर्षांच्या पोराच्या डोक्यात हातातून सुटलेली वस्तू संपलेली असते. खिडकीतून टाकलं काय नि डब्यात टाकलं काय, दोन्हीकडे ती ‘गेली’. मोठ्यांचंही फार वेगळं नसतं म्हणा. त्यामुळे डब्याचे रंग नंतर, आधी ‘गेली म्हणजे कुठे गेली’ एवढा एकच प्रश्न घेऊन बसा, महिनाभर बसा, घाई नाही.

मी काय करायचे सांगते. शनिवारी सकाळची शाळा, वर्गातली कचऱ्याची टोपली जमिनीवर पेपर पसरून त्यावर ओतायची. हो, ओतायचीच. काडीने एकेक वस्तू बाजूला करायची आणि ही कुणाची, आधी काय होती, हे विचारायचं. आमच्याकडे निघायचं ते असं: पेन्सिलीची सालपटं, खोडरबरचा चुरा, गोळ्यांचे कागद, अर्धी पोळी, पुन्हा गोळ्यांचे कागद आणि एकदा एका पोराचा एक मोजा, जो त्याची आई आठवडाभर शोधत होती. मग भाजीवाल्याकडून मागून आणलेल्या तराजूत वजन करायचं आणि फळ्यावर लिहायचं. चार शनिवार केलं की गणिताचा धडा आपोआप होतो, ग्रॅम-किलो, बेरीज, कमी-जास्त, सगळं. फक्त एक, ओतायच्या आधी तुम्ही स्वतः टोपलीत नजर टाका, काच ब्लेड बॅटरी असलं काही असेल तर काढून घ्या, आणि नंतर साबणाने हात धुणं हा त्याच तासाचा भाग समजा.

वजन झालं की विचारायचं, आता हे कुठे जाणार? पहिल्या वर्षी मला मिळालेली उत्तरं म्हणजे मावशी नेतात, गाडी नेते, उंदीर खातो आणि एकजण म्हणाला ढगात जातं, कारण त्याने मागच्या मैदानात पाला जाळताना धूर वर जाताना बघितला होता, म्हणजे त्या बिचाऱ्याचं निरीक्षण बरोबरच होतं. मग रांग करून शाळेच्या मागच्या कुंडीपाशी जायचं. सोमवारी घंटागाडी येते त्या वेळेला फाटकात उभं राहायचं आणि ड्रायव्हरदादांना पाच मिनिटं थांबवून मुलांनीच विचारायचं, काका तुम्ही इथून कुठे जाता? आमचे काका इतके खुश झाले, म्हणाले वीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. त्यांनी गाडीतले दोन कप्पे उघडून दाखवले. नंतर आठवडाभर पोरं घंटा वाजली की वर्गातून ओरडायची, काका आले.

चौथी-पाचवी असेल तर पुढचं पण सांगता येतं. मुंबईचं देवनार, जिथे १९२७ पासून शहराचा कचरा पडतोय, तिथे जानेवारी २०१६ मध्ये मोठी आग लागली, दिवसेंदिवस धूर, आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. ‘शाळा बंद’ म्हटल्यावर आधी टाळ्या पडतात, त्या पडू द्या. मग विचारा, कचऱ्याला आग लागते कशी? ढिगाच्या पोटात हवा पोचत नाही, तिथे दबून पडलेलं अन्न सडतं, त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. तुमच्या डब्यातली अर्धी पोळी तिथपर्यंत जाते, एवढं कळलं की हिरवा डबा का ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि कुंडीचा प्रयोग कराच. मातीची मोठी कुंडी, त्यात केळ्याची साल, वर्तमानपत्राचा तुकडा, सुती चिंधी, शेंगेचं टरफल, वेफर्सचं पाकीट आणि गोळीचा कागद पुरायचं, माती ओली ठेवायची, दर पंधरा दिवसांनी उकरायचं. आधी प्रत्येकाने पैज लावायची की कोण पहिलं नाहीसं होणार. साल लवकर जाते, पेपरचा लगदा होतो, चिंधी विरविरीत होते, टरफल अपेक्षेपेक्षा हट्टी निघतं. एकदा आमची कुंडी मे महिन्याच्या सुट्टीत तशीच राहिली, जूनमध्ये पुढच्या चौथीने उकरली तर पाकिटावरचे पाच रुपये स्वच्छ वाचता येत होते.

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. घरी अभ्यासाला बसत नाही म्हणून आजोबा त्याला म्हणाले, नाही शिकलास तर कचरा उचलायला लागेल. तेव्हापासून तो आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना बघून नाक धरतो आणि परवा ‘कचरेवाली आली’ म्हणून ओरडला. मला लाजेने मेल्यासारखं झालं. शाळेत तर स्वच्छतेचे धडे चालू आहेत. (आई, पुणे)

उत्तर : हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. मुलाने शाळेत काय ऐकलं ते राहू द्या, घरातलं ते एक वाक्य पुस्तकाच्या चार धड्यांना भारी पडतं. आजोबांना मात्र मुलासमोर टोकू नका, तो दुसरा धडा होईल. संध्याकाळी चहाच्या वेळी शांतपणे सांगा, बाबा, तुमचं बोलणं तो फार मनावर घेतो हो. बहुतेक आजोबा एवढ्यावर विरघळतात.

मुलाला काय सांगायचं, तर खरी गोष्ट सांगा, आणि पुण्यात राहताय म्हणजे गोष्ट तुमच्या दारात आहे. पूर्वी कचरावेचक बायका कुंड्या उपसून कागद, काच, पत्रा वेचायच्या आणि विकायच्या, पोलिसांपासून भंगारवाल्यापर्यंत सगळे त्यांना चोर समजायचे. १९९३ साली त्यांची संघटना झाली, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत, त्यात बाबा आढाव होते. त्यांना ओळखपत्रं मिळाली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेबरोबर करार करून दारोदार कचरा गोळा करायला लागली. तीन हजारांहून जास्त कचरावेचक, त्यात बायकाच जास्त, आणि त्या संस्थेच्या सभासद आहेत, म्हणजे संस्था त्यांची आहे. तुमच्या ताई स्वच्छच्या असतील तर मुलाला सांगा, ह्यांना प्लास्टिकचे जितके प्रकार ओळखता येतात तितके तुझ्या बाबांना येत नाहीत. खोटं नाहीये ते. नुसतं चुरगाळून आवाजावरून सांगतात कुठलं विकलं जाईल.

आणि उद्यापासून कचरा त्याच्या हातात द्या. डबा दारात ठेवून दार लावायचं नाही, त्याने ताईंच्या हातात द्यायचा आणि नाव विचारायचं. नाव कळलं की ‘कचरेवाली’ आपसूक सुटतं. एक दिवस त्याच्यासमोर विचारा, ताई हाताला हे काय लागलं? कचऱ्यातली काच लागलेली असते, ब्लेड असतं, कुणीतरी डायपर उघडाच टाकलेला असतो. सॅनिटरी पॅड आणि डायपर पेपरमध्ये गुंडाळून वर लाल ठिपका काढायची पद्धत त्यांच्याचसाठी आहे, म्हणजे त्यांना उघडून बघावं लागत नाही. धाकटं भावंड असेल तर तो ठिपका काढायचं काम पहिलीतल्या दादाचं. माझ्या भाचीचा मुलगा इतक्या अभिमानाने काढतो की एकदा पुड्यावर ठिपक्याला डोळे आणि नाक पण होतं.

प्रश्न : शाळेत ‘टाकाऊतून टिकाऊ’ स्पर्धा होती. घरात रिकामी बाटली नव्हती म्हणून मी कोल्ड्रिंकच्या चार बाटल्या आणल्या, दोन आम्ही प्यायलो दोन बेसिनमध्ये ओतल्या, थर्माकोल आणलं, चमकी आणली, ग्लू गन आणली. तीनशे ऐंशी रुपये. दुसरा नंबर आला. प्रदर्शन संपल्यावर मॉडेल कचऱ्यात गेलं. विषय होता पृथ्वी वाचवा. मी वेडा आहे का? (बाबा, ठाणे)

उत्तर : नाही हो, तुम्ही महाराष्ट्रातले एक सामान्य पालक आहात. पहिल्या नंबरवाल्याने किती खर्च केला असेल ह्याचा विचार करा आणि शांत झोपा.

बाटली नुसती रिकामी असती तर भंगारवाल्याने नेली असती, तिला भाव आहे. तिच्यावर चमकी चिकटवली, थर्माकोल जोडलं, वर ग्लू ओतला की तिला कुणी हात लावत नाही. म्हणजे टिकाऊतून टाकाऊ झालं. आणि सजावटीचं थर्माकोल २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत येतं, हे सरांना गोड शब्दांत कळवायला हरकत नाही.

पालकसभेत बोलायची संधी मिळाली तर सुचवा, स्पर्धा ठेवायचीच असेल तर दुरुस्तीची ठेवा. मे महिन्यात जुन्या वह्यांची कोरी पानं काढून, दाभणाने शिवून, वर जाड कागद लावून रफ वही बनवणं हे आपण सगळ्यांनी केलंय, आजच्या चौथीतल्या पोराला दाभण म्हणजे काय ते माहीत नाही. शर्टाचं बटण लावणं, तुटलेला चप्पलेचा अंगठा चांभारकाकांकडे स्वतः घेऊन जाणं, आजीकडे बसून गोधडीला चार टाके घालणं. ह्यात फोटो चांगले येत नाहीत ही अडचण आहे खरी. फोटोवरून आठवलं, एका शाळेत २ ऑक्टोबरला मैदान आदल्या दिवशी शिपाईकाकांकडून झाडून घेतलं होतं आणि मग फोटोसाठी मुलांनी झाडायला काहीतरी हवं म्हणून पाला परत पसरला. मी तिथेच होते, खोटं कशाला सांगू, मीच पसरला. गाडगेबाबा आधी गाव झाडायचे आणि मग संध्याकाळी कीर्तनाला उभे राहायचे, आमचा क्रम बरोबर उलटा.

प्रश्न : पोषण आहारातलं उरलेलं आणि पाला मिळून शाळेत कंपोस्टचा ड्रम सुरू केला. तीन आठवड्यांत प्रचंड वास, वर पांढरट-करड्या अळ्या. मुलं किंचाळतात, पालक व्हिडिओ काढतात, मुख्याध्यापक म्हणतात बंद करा. (शिक्षक, जिल्हा परिषद शाळा, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : बंद करू नका, पंधरा दिवस मागून घ्या. वास येतो म्हणजे आत हवा नाही आणि पाणी जास्त आहे. खिचडी ओलीच असते, वर पुन्हा डाळीचं पाणी, ड्रमला भोकं दोनचार. आधी ड्रमला खालून आणि बाजूने भरपूर भोकं पाडा, खाली विटांवर उचलून ठेवा. सगळं बाहेर घमेल्यात काढा आणि जेवढं ओलं तेवढाच किंवा त्याहून जास्त कोरडा पाला हाताने चुरून मिसळा. भुसा, नारळाचा काथ्या काहीही कोरडं चालेल. पुढे रोजचं उरलेलं टाकलं की वर पाल्याचा थर घातल्याशिवाय झाकण लावायचं नाही, हे काम दोन मुलांकडे आठवड्याच्या पाळीने. तीन-चार दिवसांनी काठीने वरखाली. अधूनमधून आंबट ताक किंवा शेणकाला शिंपडला तर काम पटकन सुरू होतं. खरकटं आधी निथळून घ्या.

ओल बरोबर आहे का ते बघायला मूठभर घेऊन घट्ट दाबा, एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला वाढवा, काहीच नाही आलं तर पाणी शिंपडा. हातमोजा घालून तुम्ही करा, मग बघा कसे सगळे ‘सर मी मी’ करतात.

अळ्यांचं म्हणाल तर त्या बहुतेक काळ्या सोल्जर माशीच्या असणार, त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत, उलट अन्न भराभर संपवतात. बाटलीच्या झाकणात एक अळी घेऊन भिंगाखाली दाखवा. किंचाळणारी पोरं तिला नाव ठेवतात, आमच्याकडे एकीचं नाव सोनाली होतं. वर चिलटं फार झाली तर पाल्याचा थर जाड करा. दोनेक महिन्यांनी काळं भुसभुशीत झालं आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास आला की चाळून घ्या. मुख्याध्यापकांच्या केबिनमधल्या कुंडीत पहिली ओंजळ घालायची, पालकांनी तोही व्हिडिओ काढू दे.

प्रश्न : मुलगी चौथीत. घरी दोन डबे ठेवायला लावले, आम्ही ठेवले. आता तिने गॅलरीतून बघितलं की गाडीत दोन्ही एकत्रच ओततात. आल्यावर म्हणाली, मग आपण कशाला करतो? मला उत्तर सुचलं नाही. (आई, गाव देऊ नका)

उत्तर : तिला खोटं सांगू नका, ‘पुढे वेगळं करतात गं’ वगैरे, खरंच करत असतील आणि तुम्ही बघितलं असेल तरच सांगा. कायद्याने घरात वेगळा करणं आपलं काम आहे आणि वेगळा राहील असा नेणं त्यांचं, घनकचऱ्याच्या नियमांत दोन्ही आहे. आपलं चालू आहे, त्यांचं चुकतंय, एवढं चौथीतल्या मुलीला नीट समजतं.

मग निम्मं गाडीला द्यायचंच नाही. कागद, पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या भंगारवाल्याला, दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, तो पिशवीलाच लोंबता ठेवायचा, नाहीतर तो इवलासा तुकडा कुणालाच सापडत नाही. ही जबाबदारी तिची. साली-देठं कुंडीत गेली तर गाडीला द्यायला उरतं अगदी थोडं.

आणि तिला पत्र लिहू दे. चौथीला पत्रलेखन असतंच, खोट्या मामाला खोटं पत्र लिहिण्यापेक्षा नगरपालिकेच्या आरोग्य विभागाला खरं लिहू दे, तारीख, वेळ, काय बघितलं, एवढंच. आमच्या वर्गाने एकदा अठ्ठावीस पत्रं पाठवली होती. दीड महिना काही नाही. मग एक साहेब स्वतः वर्गात आले, त्यांना वाटलं मुलांना चार शब्द सांगावेत. एका मुलीने विचारलं, साहेब तुमच्या घरी वेगळा कोण करतं? साहेब बराच वेळ पंख्याकडे बघत होते. गाडीत मधली फळी त्यानंतर बसली, ती किती दिवस टिकली ते विचारू नका.

प्रश्न : आमच्या वाडीवर घंटागाडी येत नाही. शाळेचा सगळा कचरा शुक्रवारी जाळतो, पुस्तकात लिहिलंय जाळू नका. दुसरं काय करणार? (शिक्षक, सातारा जिल्हा)

उत्तर : सर, पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी घंटागाडी येत असणार. पाला आणि खरकट्याला खड्डा आहे, ते सोपं. प्लास्टिक मात्र खरंच जाळू नका, त्या धुरात मुलंच उभी असतात आणि राख शेतात जाते. एक पोतं टांगा, कोरडं स्वच्छ प्लास्टिक त्यात, आणि कुणीतरी तालुक्याला जाईल तेव्हा भंगारवाल्याकडे. वेफर्सची पाकिटं तो घेणार नाही, प्लास्टिक आणि चमकदार थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सुटे करणं परवडत नाही. त्यासाठी ग्रामसेवकांना विचारा, स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुका पातळीवर प्लास्टिकसाठी युनिट उभारायची तरतूद केली होती, तुमच्या तालुक्यात उभं राहिलं का ते त्यांना माहीत असेल.

तोवर पाकीट येतं कुठून ते बघा. आमच्याकडे मोठा वाटा वाढदिवसांचा निघाला, चाळीस पोरं, प्रत्येकाला दोन चॉकलेटं, एका वाढदिवसाचे ऐंशी कागद. ठराव झाला की वाढदिवसाला घरचं काहीतरी, शेंगदाण्याचे लाडू, पेरू, बोरं, डब्यातून आणायचं आणि हातावर द्यायचं. पहिल्या महिन्यात दोन आया भांडायला आल्या. मग एकीने उकडलेल्या शेंगा पाठवल्या आणि दुसरीने ईर्षेने पुरणपोळ्या, त्यानंतर कुणी भांडलं नाही.

प्रश्न : शार्पनरचा कचरा ओला का सुका? आमच्या बाई म्हणतात सुका, आजी म्हणते लाकूड आहे तर ओला. (इयत्ता तिसरी)

उत्तर : दोघींनी भांडू नये. डब्यात टाकायचा असेल तर सुका, बाई बरोबर. पण तो लाकूडच आहे, तेही आजीचं बरोबर, आणि वर पेन्सिलीचा रंग असतो म्हणून कंपोस्टच्या ड्रममध्ये चिमूटभरच टाक. उरलेल्याची फुलपाखरं कर, गोल सालपट अख्खं निघालं तर पंख छान होतात. अख्खं निघत नसेल तर शार्पनरचं पातं बोथट झालंय, बाबांना सांग.